पहिला अल्बम पुसून टाकावा का?

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"आमचा चौघांचा रॉक बँड आहे आणि मी त्यात गिटार वाजवतो. चार वर्षांपूर्वी आम्ही नऊ गाण्यांचा पहिला अल्बम काढला. त्या काळात ज्या बँडची गाणी आम्ही रात्रंदिवस ऐकत होतो त्यांचीच री त्यात ओढली आहे, हे आज ऐकताना लपत नाही. रेकॉर्डिस्टच्या आग्रहाखातर बहुतेक गाण्यांवर कीबोर्डचे थर चढवले गेले आणि शब्द तर शेवटच्या आठवड्यात घाईघाईने लिहिले. गेल्या दीड वर्षात ड्रमर बदलला, वाजवण्याची पद्धत बदलली आणि आता कुठे आमचा असा आवाज आम्हाला सापडला आहे. दुसरा अल्बम तयार आहे. गायकाचे म्हणणे असे, की तो येण्याआधी पहिला अल्बम सगळ्या स्ट्रीमिंग सेवांवरून काढून टाकावा, नाहीतर आजच्या मंडळींनी तो नव्याने रेकॉर्ड करून जुन्याच्या जागी ठेवावा. जुन्या ड्रमरने त्यातल्या तीन गाण्यांचे शब्द लिहिले आहेत आणि त्याचा याला सक्त विरोध आहे. भरीस भर म्हणजे प्रत्येक कार्यक्रमात श्रोते त्याच अल्बममधले चौथे गाणे मागतात, जे आम्हाला आता नकोसे झाले आहे. आम्ही काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही जुना अल्बम आणि नव्यातली दोन गाणी पाठवलीत हे बरे केले, कारण नुसत्या पत्रावरून मी कदाचित तुमच्या गायकाची बाजू घेतली असती. अल्बम मी तीनदा ऐकला. तो चांगला नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण तुमच्या पत्रातून वाटतो तितका तो वाईटही नाही, आणि मुख्य म्हणजे तो ज्या कारणांसाठी तुम्हाला खुपतो ती कारणे तीन वेगवेगळी असून तुम्ही त्यांची एकच मोट बांधली आहे. तुम्ही दुसऱ्यांची नक्कल केलीत, हे एक. तुमच्या गाण्यांवर दुसऱ्याने आपली आवड लादली, हे दुसरे. आणि शब्दांची कामगिरी शेवटच्या घटकेपर्यंत लांबवलीत, हे तिसरे. या तिन्हींवर एकच औषध लागू पडेल असे मला वाटत नाही, आणि अल्बम काढून टाकणे हे तर त्यांपैकी एकावरही औषध नाही. तेव्हा माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: अल्बम आहे तिथे राहू द्या, पुन्हा रेकॉर्ड करू नका, आणि कीबोर्डचे काय करायचे ते पाहता येईल.

नक्कल ही तुमची सर्वांत मोठी लाज दिसते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. कॅनडातल्या टोरांटोचा रश हा तिघांचा बँड आज ज्या संगीतासाठी ओळखला जातो, म्हणजे विषम मात्रांचे ठेके, वीस-वीस मिनिटांच्या कथारचना, तत्त्वचिंतनाकडे झुकणारे शब्द, त्यातले जवळजवळ काहीही त्यांच्या 1974 सालच्या पहिल्या अल्बममध्ये नाही. तो सरळसोट हार्ड रॉकचा अल्बम आहे आणि त्यावर लेड झेपेलिन या तेव्हाच्या बड्या इंग्लिश बँडची सावली इतकी दाट आहे की रशचा गायक गेडी ली याचा उंच, तीक्ष्ण आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याने फसावे. लोक खरोखरच फसले. कोणतीही कंपनी अल्बम काढायला तयार नव्हती, म्हणून त्यांच्या व्यवस्थापनाने मून रेकॉर्ड्स नावाचे स्वतःचेच लेबल काढून साडेतीन हजार प्रती छापल्या होत्या. त्यातली एक प्रत अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या डब्ल्यूएमएमएस या रेडिओ केंद्रावर डॉना हॅल्पर यांच्या हाती पडली. त्यांनी त्यातले 'वर्किंग मॅन' हे सात मिनिटांचे गाणे लावायला दिले, आणि लेड झेपेलिनचा नवा अल्बम कधी येतोय अशी विचारणा करणारे फोन केंद्रावर येऊ लागले. त्या गाजावाजातून मर्क्युरी कंपनीने बँडशी करार केला. म्हणजे ज्या साम्याची एखाद्या बँडला आयुष्यभर लाज वाटावी, त्याच साम्याने त्यांना दार उघडून दिले.

त्या अल्बमची बाकीची हकिकतही तुम्हाला ओळखीची वाटेल. ध्वनिमुद्रण रात्री उशिरा, कारण त्या वेळेचे दर सर्वांत कमी. शब्द लिहायची जबाबदारी ड्रमर जॉन रट्सी याच्याकडे होती. ते आयत्या वेळी हाती आलेच नाहीत आणि गेडी लीला गाता गाता जुळवाजुळव करावी लागली. मुखपृष्ठावरचे बँडचे नाव लाल छापायचे होते, ते छपाईच्या चुकीने गुलाबी झाले. अल्बम आल्यावर काही महिन्यांतच रट्सी बाहेर पडला, एक तर प्रकृतीमुळे आणि दुसरे म्हणजे बाकी दोघांना ज्या दिशेला जायचे होते तिकडे त्याचा ओढा नव्हता म्हणून. त्याच्या जागी जुलै 1974 मध्ये नील पिअर्ट आला आणि पुढे शब्दही तोच लिहू लागला. गोष्ट इथे संपवली की फार सोपी होते: नवा ड्रमर आला, आवाज सापडला. प्रत्यक्षात पिअर्टसह केलेला दुसरा अल्बम बराचसा संमिश्र आहे, तिसरा इतका आपटला की कंपनीने अंग काढून घ्यायची तयारी केली, आणि ज्याने बँडची ओळख पक्की झाली तो '2112' हा चौथा अल्बम 1976 साली आला. आपला आवाज आपल्याला "सापडला आहे" असे तुम्ही लिहिता, त्यावर मला एवढेच म्हणायचे आहे की जरा सबुरीने घ्या. आजचा अल्बमही चार वर्षांनी तुम्हाला असाच खुपू शकतो, आणि दर वेळी मागचे पुसत निघालात तर तुमच्या नावावर कायम एकच अल्बम राहील.

रशने त्या अल्बमचे पुढे काय केले, हे मात्र मुद्दाम सांगण्यासारखे आहे. 2015 साली त्यांनी चाळीस वर्षांचा आढावा घेणारा दौरा केला आणि त्यात गाणी उलट्या क्रमाने लावली: सुरुवात नव्या गाण्यांनी आणि मग एकेक पाऊल मागे. कार्यक्रम जसजसा पुढे सरके तसतसा रंगमंचावरचा सरंजाम कमी होत जाई. कामगार येऊन मोठमोठे ॲम्प उचलून नेत, आणि अखेरीस एका शाळेच्या जिमखान्याचा देखावा उरे, ज्यात ॲम्प चक्क खुर्च्यांवर ठेवलेले असत. तिथे, शेवटी, 'वर्किंग मॅन' वाजे. पिअर्टसह त्यांचा अखेरचा कार्यक्रम 1 ऑगस्ट 2015 रोजी झाला, त्याचाही शेवट याच गाण्याने झाला. मूळ ध्वनिमुद्रणात पिअर्टने ते वाजवलेले नव्हते, ते रट्सीचे होते; तरीही चार दशके वाजवून त्याने ते आपले करून घेतले होते.

आता कीबोर्ड. इथे तुमची तक्रार रास्त आहे आणि तिला फार प्रतिष्ठित पूर्वज आहेत. जेनेसिस या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम मार्च 1969 मध्ये डेक्का कंपनीने काढला. मंडळी तेव्हा चार्टरहाउस शाळेतून जेमतेम बाहेर पडलेली होती, आणि निर्माता जोनाथन किंग हाही त्याच शाळेचा माजी विद्यार्थी. किंगला बी जीज या गटाची धाटणी फार आवडे, म्हणून त्याला खूश करण्यासाठी बँडमधल्या पीटर गॅब्रिएल आणि टोनी बँक्स यांनी जाणूनबुजून त्या धाटणीचे एक गाणे लिहिले आणि तेच त्यांचे पहिले सिंगल झाले. पुढे ऑगस्ट 1968 मध्ये अल्बमचे ध्वनिमुद्रण उरकल्यावर किंगने त्यावर तंतुवाद्यांचे आणि ब्रासचे, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचे, थर चढवून घेतले. स्टिरिओ प्रतीत बँडचे सगळे वादन एका बाजूला आणि वाद्यवृंद दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी करावी लागली, आणि ते ऐकून गिटारवादक अँथनी फिलिप्स विलक्षण संतापला. मुखपृष्ठ काळे, त्यावर सोनेरी अक्षरात नुसते अल्बमचे नाव, आणि ते नाव बायबलच्या पहिल्या व शेवटच्या पुस्तकांची आठवण करून देणारे; तेव्हा काही दुकानांनी तो धार्मिक संगीताच्या खणात ठेवला. सुरुवातीला त्याच्या सुमारे साडेसहाशे प्रती खपल्या, असे सांगतात.

यातून तुमच्या उपयोगाची गोष्ट अशी, की जेनेसिसला तो अल्बम पुसून टाकायची इच्छा असती तरी ते शक्य नव्हते. ध्वनिमुद्रणाचे हक्क किंगकडे राहिले, आणि बँड प्रसिद्ध झाल्यावर तो अल्बम निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या मुखपृष्ठांत पुन्हा पुन्हा बाजारात येत राहिला. तुमचे तसे नाही. तुम्ही पैसे स्वतः घातले आहेत, वितरणाचा करार तुमच्या नावावर आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूळ सेशनच्या फाइल्स रेकॉर्डिस्टकडे अजून असण्याचा संभव आहे. त्या आज मागवा, उद्यावर ढकलू नका; हार्ड डिस्क मरतात, आणि चार वर्षे हे डिस्कच्या आयुष्यात फार मोठे अंतर आहे. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर मिळाले तर कीबोर्ड बाजूला सारून नव्याने मिक्स करता येईल. तसे करण्यात कसलीही फसवणूक नाही, कारण जे त्या खोलीत तुम्ही चौघांनी वाजवले तेच त्यात ऐकू येईल, फक्त त्यावरची चादर निघेल. तो मिक्स जुन्याची जागा घ्यायला नको. त्याच अल्बमची दुसरी आवृत्ती म्हणून शेजारी ठेवा.

पुन्हा रेकॉर्ड करण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे, आणि त्यात थोडा स्वानुभवाचा कडवटपणा आहे हे कबूल करतो. मी एके काळी बास वाजवत असे. आमच्या बँडने पहिला अल्बम असाच नव्याने रेकॉर्ड करायला घेतला आणि त्यात अकरा महिने घालवले. जुन्या गाण्यात जिथे ठेका किंचित पुढे पळत होता तिथे आम्ही क्लिक ट्रॅक, म्हणजे कानात वाजणारे यांत्रिक ठोके, लावून तो सरळ केला, जिथे गायकाचा आवाज फाटत होता तिथे तो फाटू दिला नाही, आणि शेवटी जे हाती आले ते निर्दोष आणि निर्जीव होते. अकरा महिन्यांत एकही नवे गाणे झाले नाही, ही नुकसानी वेगळीच. त्या गाण्यांची रचनाच एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या घाईवर उभी होती. घाई काढून घेतल्यावर ती गाणी कशाच्या आधारावर उभी राहणार, हा विचार आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नव्हता. शिवाय तुमच्या बाबतीत पुन्हा रेकॉर्ड करण्याचा एक न उच्चारलेला अर्थ असा होतो की जुन्या ड्रमरचे वादन मिटवून त्याचे शब्द तेवढे वापरायचे. तो रागावला आहे, त्यात मला नवल वाटत नाही.

गायकाच्या बाजूनेही उदाहरण आहे, ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पँटेरा हा टेक्सासमधला मेटल बँड आज ज्या कडक, जड आवाजासाठी ओळखला जातो, त्याची सुरुवात 1990 सालच्या 'काउबॉइज फ्रॉम हेल'पासून मानली जाते, आणि बँडनेही ती तशीच मानली. वास्तविक त्याआधी त्यांचे चार अल्बम येऊन गेले होते. पहिला 1983 सालचा, स्वतःच्याच लेबलवर काढलेला, तेव्हाच्या चकचकीत ग्लॅम मेटलच्या थाटाचा, वेगळ्या गायकाचा. त्या सुरुवातीच्या अल्बमकडे त्यांनी पुढे पाठ फिरवली आणि त्यामुळे त्यांचे काही बिघडले असे म्हणता येणार नाही. पण तुमच्यात आणि त्यांच्यात दोन फरक आहेत. त्यांचा गायक बदलला होता, म्हणजे त्यातल्या पहिल्या तीन अल्बमवर ज्याचा आवाज होता तो माणूसच बँडमध्ये उरला नव्हता; तुमचा गायक तोच आहे आणि खरे तर तोच स्वतःच्या आवाजापासून पळतो आहे. दुसरा फरक असा, की त्यांनी ते अल्बम मागे घेतले नाहीत, नुसते पुन्हा छापले नाहीत. आज स्ट्रीमिंगवरून काढलेला अल्बम कुणीतरी त्याच रात्री कुठेतरी पुन्हा चढवतो, आणि मग "बँडने दडवलेला अल्बम" या नावाने तो जितका ऐकला जातो तितका तो उघड्यावर असताना कधीच ऐकला गेला नसता.

चौथ्या गाण्याकडे येतो. श्रोत्यांनी मागितलेले गाणे नकोसे होणे हा रॉक बँडचा जुनाच आजार आहे. रेडिओहेड या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी 1993 मध्ये आला. तो सुमारे तीन आठवड्यांत उरकलेला, त्या काळच्या अमेरिकन गिटार बँडच्या वळणाचा, आणि पुढच्या 'ओके कॉम्प्युटर' किंवा 'किड ए'शी त्याचे नाते सांगितल्याशिवाय कळू नये असा आहे. त्यातले 'क्रीप' एवढे गाजले की बँडने 1994 सालच्या 'माय आयर्न लंग' या गाण्यात त्याच्यावरच आपला वैताग काढला, आणि मध्ये काही वर्षे ते कार्यक्रमात वाजवणे जवळपास सोडून दिले. तरी त्याच गाण्यात एक जागा अशी आहे जिच्याकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छितो. कडवे शांतपणे संपत येते आणि ध्रुपद सुरू होण्याच्या तोंडावर बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड याची गिटार दोनदा जोरात खरखरते, तारा दाबून धरलेल्या, सूर नाही, नुसता आघात. गाणे त्याला फार मवाळ वाटत होते आणि तो त्याच्यावर असा तुटून पडला, असे त्याच्या साथीदारानेच पुढे सांगितले आहे. बाकी सगळे गाणे ओळखीच्या वाटेने जाते. ते दोन आघात मात्र पुढच्या रेडिओहेडचे आहेत.

हे सांगायचे कारण म्हणजे तुमच्या अल्बममध्येही अशी एक जागा आहे आणि तुम्ही पत्रात तिचा उल्लेखच केलेला नाही. ती सहाव्या गाण्यात आहे. दोन मिनिटे चाळीस सेकंदांच्या सुमारास तुमची गिटार एकाएकी थांबते. का थांबते ते मला कळले नाही, बहुधा तुमची एंट्री चुकली असावी आणि टेक चांगला म्हणून तो तसाच ठेवला असावा. ड्रमर झांजेवरचा हात काढून घेतो आणि स्नेअर ड्रमच्या कडेवर नुसत्या काठीने ठेका धरून राहतो. बास एकाच सुरावर घुटमळतो. आणि तुमचा गायक, जो त्याआधीची साडेपाच गाणी गळ्याच्या अगदी वरच्या टोकाला ताणून, कुणा दुसऱ्याच्या आवाजात गातो आहे, तो एकदम खाली, बोलण्याच्या पट्टीत येतो. इतका जवळ, की ओळ सुरू करण्यापूर्वी त्याने घेतलेला श्वास ऐकू येतो. हे चार बार, म्हणजे ठेक्याची चार आवर्तने, टिकते. पाचव्या बारला रेकॉर्डिस्टचा कीबोर्ड येऊन ती पोकळी भरून टाकतो, बाराव्याला तुम्ही परतता आणि गाणे पुन्हा तुमच्या आवडत्या बँडचे होते.

आता तुम्ही पाठवलेली नवी दोन गाणी लावा. दोन्हींची सुरुवात नेमकी तशीच आहे: काठीचा कोरडा ठेका, एका सुरावरचा बास, खालच्या पट्टीतला आवाज, आणि बराच वेळ रोखून धरलेली गिटार. जो आवाज तुम्हाला गेल्या दीड वर्षात सापडला असे वाटते तो चार वर्षांपूर्वी, तुमच्या चुकीमुळे आणि ज्याला तुम्ही आज अल्बमसकट बाहेर ठेवू पाहता त्या ड्रमरच्या हातामुळे, आधीच निघालेला होता. नवा ड्रमर तो ठेका अधिक सफाईने वाजवतो यात शंका नाही. पण तो कुठून आला हे त्याला ठाऊक आहे का, असे विचारायचा मोह मला होतो.

माझ्या मते जुन्या अल्बमचा खरा उपयोग हाच आहे, म्हणून चौघे एकत्र बसून तो एकदा शेवटपर्यंत ऐका, आणि ऐकताना कुठे वाईट वाजवले ते शोधण्याऐवजी नक्कल कुठे सुटली ते शोधा. सुटलेल्या जागा थोड्याच असतात. तुमच्या अल्बममध्ये मला दोनच सापडल्या, दुसरी आठव्या गाण्याच्या अगदी शेवटी, जिथे सगळे थांबल्यावर बासचा एक सूर जरा अधिकच रेंगाळतो.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. गाण्याची रचना आणि तिचे ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क असतात. तीन गाण्यांच्या शब्दांत जुन्या ड्रमरचा वाटा आहे आणि नऊही गाण्यांत त्याचे वादन आहे, तेव्हा त्याला न विचारता काहीही करू नका, आणि जे ठरेल ते लेखी ठेवा. तुमच्यात आजवर तसा कागद झालेला नसेल, असा माझा अंदाज आहे. पहिल्या अल्बमच्या वेळी तो कुणीच करत नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा संकेतांक असतो. जुन्या नऊ गाण्यांचे संकेतांक वितरकाकडून मागवून जपून ठेवा, कारण उद्या वितरक बदलायची वेळ आली आणि तीच ध्वनिमुद्रणे नव्या संकेतांकांनी चढवली गेली, तर आजवरचे ऐकण्याचे आकडे आणि लोकांनी आपापल्या याद्यांत साठवलेली गाणी यांवर पाणी सोडावे लागू शकते. कीबोर्ड काढून केलेला नवा मिक्स हे मात्र वेगळे ध्वनिमुद्रण ठरते, त्याला स्वतंत्र संकेतांक घ्या. श्रेयनामावलीत जुन्या ड्रमरचे नाव पहिल्या अल्बमवर जसे होते तसेच दुसऱ्या आवृत्तीवरही राहू द्या, आणि नव्या अल्बमवर आभारात त्याचा उल्लेख करायला हरकत नसावी. सहाव्या गाण्यातला तो ठेका लक्षात घेता ते मला फारसे उदारपणाचेही वाटत नाही.

शब्दांविषयी मी काही सुचवणार नाही. ते घाईत लिहिले गेले आणि तसेच वाचतात. पण ड्रमरने लिहिलेली तीन गाणी त्यातल्या त्यात बरी आहेत, हे गायकाला सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

राहता राहिले कार्यक्रमातले चौथे गाणे. ते वाजवा, पण मूळ रेकॉर्डिंगची नक्कल करून वाजवू नका, कारण तुम्हाला त्याचा कंटाळा येतो तो बहुधा याचमुळे; आधी दुसऱ्यांची नक्कल होती, आता स्वतःच्याच नकलेची नक्कल होते आहे. पट्टी दोन सुरांनी उतरवा म्हणजे गायकाला ताणावे लागणार नाही, पहिल्या कडव्यात गिटार घेऊच नका, आणि ते यादीच्या शेवटी ठेवण्याऐवजी मध्ये कुठेतरी ठेवा. काही श्रोते नाराज होतील. दोन-तीन कार्यक्रम त्यांना सोसू द्या, मग काय होते ते मला कळवा. आणि रेकॉर्डिस्टकडून फाइल्स मिळाल्या तर चौथ्या गाण्याची घाई नाही. सहाव्याचा कीबोर्ड काढून ते आधी पाठवा.